खाडीच्या चिखलातली भिंत : कांदळवन वाचलं, तरच आपला बांध वाचेल

२६ जुलै म्हटलं की आपल्या घराघरांत एक आठवण निघते. २००५ साली त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या कोकणातल्या गावातून कुणाचा मामू कुर्ल्यात अडकला होता, कुणाचा भाऊ रात्रभर पाण्यातून चालत घरी पोहोचला होता. फोन लागत नव्हते. गावाकडे बायका मुसल्ल्यावर बसून दुआ करत होत्या.

याच २६ जुलैची आणखी एक ओळख आहे, ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. युनेस्कोनं २०१५ साली हा दिवस जागतिक कांदळवन दिन म्हणून जाहीर केला. कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात उगवणारं जंगल. आपण कुणी त्याला खारफुटी म्हणतो, कुणी तिवर, तर कुणी नुसतं ‘खाजणातली झाडं’.

गेल्या वर्षी या दिवशी आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन गावामागच्या खाडीवर गेलो होतो. ओहोटी होती. चिखलात खेकडे पळत होते. एका मुलानं विचारलं, “सर, ही झुडपं काढून भराव टाकला तर आपल्याला क्रिकेटचं मैदान नाही का मिळणार?”

सगळी मुलं हसली. आम्हाला मात्र हसू आलं नाही. कारण हाच प्रश्न गावातली मोठी माणसं रोज विचारतात, फक्त मैदानाच्या जागी प्लॉट, बंगला, पार्किंग असे शब्द असतात. त्या मुलाला तिथं उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं सविस्तर लिहीत आहोत.

खाऱ्या पाण्यात झाड जगतं कसं?

आपल्या आंब्याला किंवा माडाला रोज दोन वेळा समुद्राचं पाणी घातलं तर काय होईल? आंबा तर महिन्याभरात वाळेल. कांदळवनातली झाडं मात्र रोज दोन भरत्या अंगावर घेतात आणि तरी हिरवीगार असतात.

यात अल्लाहनं ठेवलेली हिकमत पाहण्यासारखी आहे. तिवराचं पान उन्हात निरखून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची मुळं खाली जाण्याऐवजी पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. कांदळाच्या झाडाला बाजूनं टेकू दिल्यासारखी मुळं असतात, तंबूच्या दोऱ्या ताणाव्यात तशी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबत राहतं. खाली पडलं की थेट चिखलात रुततं, नाहीतर भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतं.

महाराष्ट्रानं २०२० साली यातल्याच पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन आहे आणि त्यातलं सुमारे ३२४ चौरस किलोमीटर आपल्या राज्यात. पालघर, ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला हा अगदी चिंचोळा पट्टा आहे. तो आपल्याच दारात असल्यामुळे आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

पहिली गोष्ट : ही झाडं म्हणजे भिंत आहे

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांची आकडेवारी तपासली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथं मृत्यू कमी झाले होते. जिथं तो तोडला गेला होता किंवा अरुंद झाला होता, तिथं जास्त. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारनं वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे सर्वांत जास्त जीव वाचले, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे झाडं असली की इशाऱ्याची गरज नाही, असं कुणी समजू नये.

ही भिंत काम कशी करते? लाट मुळांच्या आणि खोडांच्या जाळ्यात शिरली की तिचा जोर मोडतो. १०० मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असं जगभरच्या मोजण्यांतून दिसलं आहे. झाडी जितकी दाट, तितका फायदा जास्त. पाण्याचा वेग कमी झाला की त्यातला गाळ तिथंच बसतो आणि किनारा झिजायच्या ऐवजी वाढतो.

वादळात समुद्राची पातळीच वर चढते, ते मोठं पाणी अडवायला मात्र १०० मीटर पुरत नाहीत. तिथं एक किलोमीटर रुंद कांदळवनही ५ ते ५० सेंटीमीटर इतकंच पाणी उतरवतं. पण घराच्या उंबऱ्याशी आलेलं पाणी वीतभर कमी असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला विचारा.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली भागातल्या सुपारीच्या आणि माडाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललं आहे आणि त्यामुळे वादळांना बळ मिळतंय, असं हवामानशास्त्रज्ञ सांगतात. वाऱ्याला झाडी थांबवू शकत नाही, बागा पडल्या त्या वाऱ्यानं. पण खाडीतून आत येणाऱ्या लाटा आणि आपला बांध यांच्यामध्ये उभं राहणारं दुसरं काही आपल्याकडे नाही.

मुंबईच्या २६ जुलैलाही हे लागू होतं. त्या दिवशीच्या पुराला कारणं अनेक होती. ढगफुटीसारखा पाऊस, भरतीची वेळ, प्लास्टिकनं तुंबलेले नाले. पण मिठी नदीच्या मुखाशी जिथं एकेकाळी पाणी पसरायला खाजण होतं, तिथं भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या होत्या, हेही त्यातलं एक कारण होतं. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेतं.

दुसरी गोष्ट : आपल्या ताटातली मासळी इथं वाढते

चिंबोरी, कोळंबी, बोय, तांब, जिताडा. आपल्या घरात पाहुणे आले की यातलं काहीतरी हवंच. रायगडात तर जिताड्याशिवाय दावत पूर्ण होत नाही. ही सगळी मंडळी आयुष्याचा काही काळ खाडीत काढतात. पिल्लं लहान असताना मोठ्या माशांपासून लपायला मुळांचं जाळं लागतं. तिवराची पानं चिखलात पडून कुजतात, ती किडे आणि खेकडे खातात, त्यांच्यावर माशांची पिल्लं पोसली जातात. तीच पिल्लं मोठी होऊन खोल पाण्यात जातात आणि मग ट्रॉलरच्या जाळ्यात येतात. खाडीत पाय न टाकणारा मच्छीमारही अशा प्रकारे खाडीचंच खातो.

आमच्या लहानपणी दादी ओहोटीला टोपली घेऊन जायची आणि तासाभरात कालवं, शिंपल्या घेऊन यायची. पैसे लागत नसत. आज त्याच खाडीत बायका अर्धा दिवस फिरतात आणि टोपलीचा तळ झाकत नाही. श्रीमंताच्या घरी याचा फरक पडत नाही, तो बाजारातून आणतो. ज्या विधवेच्या घरात रोजचं कालवण खाडीवर चालायचं, तिचा घास गेला. खाडी बिघडली की सर्वांत आधी गरिबाचं पोट बिघडतं.

माणसांशिवायही तिथं एक दुनिया राहते. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत पाणमांजरं आहेत. मुंबईच्या कांदळवनात कोल्हे आहेत. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली तिथं अभयारण्य झालं आणि २०२२ साली त्या खाडीला जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. कोट्यवधी माणसांच्या शहराला लागून अशी जागा टिकून आहे, ही साधी गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट : चिखल कार्बन दाबून ठेवतो

हवामान बदलाबद्दल मुलांना शिकवताना आम्ही फळ्यावर नेहमी झाड काढायचो. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि लाकडात साठवतं. कांदळवनाची खरी तिजोरी मात्र लाकडात नसून खालच्या चिखलात असते.

डोंगरावर पान पडलं की ते कुजतं आणि त्यातला कार्बन बराचसा परत हवेत जातो. खाडीच्या चिखलात हवाच नसल्यामुळे पानं, मुळं पूर्ण कुजत नाहीत. थरावर थर साचत जातात. आशिया आणि पॅसिफिकमधल्या कांदळवनांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एका हेक्टरमध्ये, म्हणजे साधारण अडीच एकरात, सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन सापडला. त्यातला बहुतांश चिखलात होता. डोंगरावरच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलापेक्षा हा साठा कितीतरी पट जास्त आहे.

याची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. झाडं तोडून तो चिखल उकरला, वाळवला की त्याला हवा लागते. शेकडो वर्षं दाबून ठेवलेला कार्बन मग वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. त्याच जागी आपण गुलमोहराची पन्नास रोपं लावून फोटो काढला, तरी तो हिशेब जुळत नाही.

आमच्या गावात काय झालं

आता दुसऱ्यांचं सांगून झालं, स्वतःचंही सांगायला हवं.

आमच्या गावाला खाडीच्या बाजूनं जुना मातीचा बांध आहे. बापजाद्यांनी चिखल-दगड रचून तो उभा केला आणि आतल्या जमिनीत भात पिकवला. बांधाच्या बाहेर तिवराची दाट रांग होती. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका घरानं तिथं भराव टाकायला सुरुवात केली. मुलगा आखाती देशात, पैसा आलेला, खाडीचा नजारा दिसेल असं घर हवं होतं. मग दुसऱ्यानं होडी लावायला वाट केली. तिसऱ्यानं जळणाला लाकडं नेली. पाहता पाहता रांगेला मोठी फट पडली.

जुम्म्यानंतर मशिदीच्या अंगणात यावर बोलणं निघालं होतं. एक वयस्क चाचा म्हणाले, “पोरांनो, झाडं गेली तर बांध उघडा पडेल.” कुणी काही बोललं नाही. आम्हीही बोललो नाही. नातेसंबंध, शेजारधर्म, उगाच वाईटपणा कशाला, असा विचार केला. शिक्षक असून आम्ही गप्प बसलो, याची आजही लाज वाटते.

तीन पावसाळे गेले. एका उधाणाला नेमकी त्या फटीसमोरच बांधाला खांड पडली. खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरलं. भात गेला, पुढची दोन वर्षं जमीन पेरण्याजोगी राहिली नाही. बांधाजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. ज्यांनी झाड तोडलं नव्हतं, त्यांचंच नुकसान जास्त झालं.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खारजमिनीचे शेतकरी म्हणतात, “बांध फुटला, दुरुस्ती वेळेवर झाली नाही, पाणी आत राहिलं आणि आमच्या शेतातच तिवर उगवलं. आता ती झाडं तोडता येत नाहीत. जमीन आमची, पण आमची राहिली नाही.” ही तक्रार खरी आहे आणि तिला ‘पर्यावरण’ या एका शब्दात उडवून लावणं अन्यायाचं होईल.

पण कारण नीट पाहा. शेत गेलं ते बांध फुटल्यामुळे, तिवर त्यानंतर आलं. बांध टिकवायचा असेल तर बाहेरची झाडी हवी आणि आतली खांड आठवड्याभरात बुजवायला हवी. म्हणजे शेतकरी आणि कांदळवन यांचं भांडण नाहीच, दोघांचा दुश्मन एकच आहे, तो म्हणजे दुर्लक्ष. खारभूमी विभागाकडे बांधाच्या दुरुस्तीची लेखी मागणी पावसाळ्याआधी करणं, गावानं मिळून पाठपुरावा करणं आणि ज्यांची जमीन कायमची गेली त्यांना मोबदला मागणं, हा त्यावरचा रास्त मार्ग आहे. रात्री जाऊन झाडं तोडणं हा मार्ग नाही.

कायदा काय म्हणतो?

मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर, घटनेच्या कलम २१ वर घाला आहे. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. जमीन खासगी मालकीची असली तरी तोड आणि भराव यांना मनाई आहे. सार्वजनिक प्रकल्पालासुद्धा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. खेकडापालन, कालवंपालन, पर्यटन अशा कामांसाठी किनाऱ्यावरच्या गावांना मदत देणारी योजनाही आहे. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या बचतगटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यातून घर चालवतात. झाड उभं ठेवून पैसा मिळतो, याचा हा आपल्याच किनाऱ्यावरचा दाखला आहे. आपल्या वस्त्यांतल्या बचतगटांनी हे का करू नये?

आधी राखा, मग लावा

पावसाळा आला की वृक्षारोपणाची धामधूम सुरू होते. रोप लावणं चांगलंच आहे. कियामत समोर दिसत असली आणि हातात रोप असलं तरी ते लावून टाकावं, ही आपल्या रसूलुल्लाहची शिकवण लहानपणापासून आपण ऐकतो. पण त्यांनीच मदिनेच्या सभोवतालचा परिसर राखीव ठरवला, तिथली झाडं तोडायला आणि शिकार करायला मनाई केली, हे आपण तितकं ऐकत नाही. लावण्याइतकंच राखणंही दीनचा भाग आहे.

“इथली तोडली तर तिकडे लावू,” हे वाक्य आपण फार सहज बोलतो. कांदळवनाचं रोप कुठंही जगत नाही. भरती किती उंच येते, गोडं पाणी किती मिळतं, चिखल कसा आहे, हे सगळं जमावं लागतं. चुकीच्या जागी लावलेली रोपं मोठ्या प्रमाणात मरतात. जगली तरी जुन्या जंगलाएवढा चिखल साठायला कित्येक पिढ्या जातात. म्हणून उभी असलेली झाडं वाचवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं काम आहे.

घराघरांतून काय करता येईल?

• खाडीकाठी प्लॉट घेण्याआधी तो सीआरझेडमध्ये किंवा कांदळवनात येतो का, हे तहसील कार्यालयात आणि वनविभागात विचारा. ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका. परदेशात कमावलेली घामाची रक्कम तिथं अडकते.

• घर पाडल्याचा राडारोडा आणि कुर्बानीनंतरचा कचरा खाडीत जाऊ देऊ नका. ईदच्या आधीच मोहल्ल्यानं ग्रामपंचायतीशी बोलून खड्ड्याची किंवा गाडीची सोय करावी.

• खाडीकडे जाणारा एखादा लहान ओहोळ किंवा मोरी बुजवू नका. भरतीचं पाणी तुटलं की झाडं उभी वाळतात. कुऱ्हाड न लावता जंगल मरतं.

• भराव पडताना दिसला तर तारखेसह फोटो काढा आणि तहसीलदार व वनविभागाकडे लेखी तक्रार द्या. एकट्यानं जाऊ नका, पाच-दहा जणांच्या सह्या घ्या.

• मुलांना वर्षातून एकदा ओहोटीच्या वेळी खाडीवर न्या. पुस्तकातल्या पाच पानांपेक्षा एक खेकडा जास्त शिकवतो.

आमच्या गावातला बांध आता पुन्हा उभा राहिला आहे. फटीतला भराव काही अजून निघालेला नाही, त्याचा अर्ज सरकारी टेबलावर आहे. या वेळी अर्जावर सह्या आहेत आणि त्यात आमचीही आहे. भरावाच्या कडेला जिथं भरतीचं पाणी पोहोचतं, तिथं तिवराची काही रोपं आपोआप उगवली आहेत. ती कुणी लावली नाहीत. फक्त या खेपेस कुणी उपटली नाहीत.

मैदानाचा प्रश्न विचारणारा मुलगा आता नववीत आहे. परवा शाळेत येऊन म्हणाला, “सर, ती रोपं मोजली. एकतीस आहेत.” आम्ही विचारलं, “आणि मैदान?” तो म्हणाला, “ते शाळेमागं करू या ना, सर. तिथं पाणी येत नाही.”